लंडनचे कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हर आणि त्यावरील ‘कोल्हापूर १८५७’ हा कोरीव मजकूर : खरा मानावा का?

प्रश्न : मिडलंड्सवासी

नमस्कार. मी बारा वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहतो आणि ठिणगी देणाऱ्या धातूच्या छोट्या टोपीवर उडणाऱ्या, म्हणजे काडतुसांच्या आधीच्या काळातील रिव्हॉल्व्हरांचा छोटासा संग्रह करतो. गेल्या आठवड्यात एका स्थानिक लिलावाच्या पूर्वप्रदर्शनात मला १८५१ च्या नमुन्याचे, लंडनमध्ये बनलेले कोल्ट नेव्ही हाताळायला मिळाले. नळी अष्टकोनी आणि साडेसात इंचांची आहे, व्यास .३६ चा आहे, सिलिंडरला सहा घरे आहेत. नळीच्या माथ्यावर अमेरिकी शस्त्रनिर्माते कर्नल कोल्ट यांचा लंडनचा पत्ता स्पष्ट वाचता येतो. क्रमांक एकतीस हजारांच्या घरातला असून नळी, फ्रेम, सिलिंडर, चापाचे कडे आणि मुठीची पट्टी यांवर तो जुळतो. फक्त नळी जागी धरून ठेवणाऱ्या पाचरीवर वेगळा आकडा आहे.

माझी अडचण मुठीमागच्या पट्टीवरील कोरीव मजकुराची आहे. तेथे एका अधिकाऱ्याची आद्याक्षरे आणि त्याखाली ‘२७ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री, कोल्हापूर, १८५७’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आहे. ३१ जुलै १८५७ रोजी याच पलटणीने कोल्हापुरात उठाव केला होता. माझे आजोळ कोल्हापूरचे असल्यामुळे ती ओळ वाचून मी हललो, हे प्रामाणिकपणे सांगतो. मात्र या एका ओळीपायी अपेक्षित किंमत साध्या नगाच्या जवळजवळ तिप्पट सांगितली जात आहे. हा मजकूर त्या काळातलाच आहे की नाही, हे कसे पारखावे? आणि पुढे कायमचे भारतात परतताना ही वस्तू सोबत नेता येईल का?

उत्तर १ : जुने लोखंड

तुम्ही दोन प्रश्न एकत्र करत आहात, ते आधी वेगळे करावेत. रिव्हॉल्व्हर अस्सल आहे का, हा एक. आणि त्यावरची कहाणी अस्सल आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले तरी त्याने दुसरा सिद्ध होत नाही.

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी सिलिंडरची सहाही घरे रिकामी आहेत याची खात्री लाकडी काडी आत घालून करून घ्या. दीडशे वर्षांपूर्वी ठासलेली दारू आणि गोळी तशीच आत राहिलेले नग आजही निघतात.

१८५१ च्या लंडन प्रदर्शनात कोल्ट यांनी आपली शस्त्रे मांडली, त्यानंतर थेम्सकाठी पिम्लिको येथे कारखाना काढला आणि तो १८५३ ते १८५६ या काळात चालला. तेथे सुमारे ४२,००० नेव्ही रिव्हॉल्व्हर बनली व त्यांची क्रमांकमालिका हार्टफर्डच्या अमेरिकी मालिकेपासून वेगळी होती, त्यामुळे तुमचा क्रमांक योग्य जागी बसतो. लंडनच्या नगांवर चापाचे कडे आणि मुठीची पट्टी सहसा लोखंडी असते, तर अमेरिकी नगांवर बहुधा पितळी. लंडनच्या गनमेकर्स कंपनीचे चाचणीशिक्के (शस्त्र मजबुतीच्या चाचणीत उतरल्याच्या खुणा), म्हणजे मुकुटाखाली ‘जीपी’ आणि मुकुटाखाली ‘व्ही’, नळीवर आणि सिलिंडरच्या घरांमधल्या जागांवर असायला हवेत. त्याऐवजी लंबगोलातील ‘ईएलजी’ हा लीएजचा शिक्का दिसला, तर ती बेल्जियममध्ये झालेली नक्कल होय. तारा आणि त्याखाली ‘पीएन’ असा शिक्का किंवा चौकटीतली वर्षाची सांकेतिक अक्षरे दिसली, तर ती इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया येथील आधुनिक प्रतिकृती. फसवणारे लोक हे इटालियन शिक्के घासून काढतात, म्हणून ज्या जागी शिक्का असायचा तेथील पृष्ठभाग किंचित खोलगट झाला आहे का, ते उजेड तिरपा पाडून पाहा.

सिलिंडरवर भोवताली लाटून उमटवलेले चित्र असते : १६ मे १८४३ रोजी टेक्सासच्या आरमाराची मेक्सिकोच्या जहाजांशी कांपेचेजवळ झालेली लढाई. ते ऑर्म्सबी या खोदकाम करणाऱ्या कारागिराचे काम आहे. वापराने हे चित्र पुसट होते आणि तो दोष नव्हे; पण चित्र पुसट आणि त्यावरचा निळा मुलामा मात्र ताजा व एकसारखा असेल, तर नग पुन्हा रंगवलेला आहे. अष्टकोनी नळीच्या धारा गोलावलेल्या आणि अक्षरांच्या कडा वाहून गेल्यासारख्या दिसल्या, तर कोणीतरी पॉलिशच्या चाकावर धरून त्याची वाट लावली आहे. माझ्या मते रिव्हॉल्व्हरचे यापेक्षा मोठे नुकसान गंजही करत नाही. पाचरीचा वेगळा आकडा मात्र मनाला लावून घेऊ नका, कारण पाचर सुटी निघते, हरवते आणि बदलली जाते. तोच फरक सिलिंडरवर असता, तर मी किंमत निम्म्याने कमी धरली असती.

आता कोरीव मजकूर. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली अक्षरांच्या तळाशी पाहा. पट्टीवर जसा रापलेला तपकिरी रंग आहे तसाच तो अक्षरांच्या खाचांत उतरलेला असला पाहिजे. अक्षराची रेघ गंजाच्या जुन्या खड्ड्याला कापून स्वच्छ पुढे गेली असेल, तर खड्डा आधीचा आणि अक्षर नंतरचे. इंग्रज अधिकारी आपले रिव्हॉल्व्हर स्वखर्चाने घेत असत, त्यामुळे त्यावर नाव कोरलेले असणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच नगावर सरकारी मालकीचा बाणाचा शिक्काही असेल, तर खाजगी मालकीच्या दाव्याबद्दल जास्त चौकशी करावी लागेल.

उत्तर २ : करवीरकर

धातूचे परीक्षण वरच्या उत्तरात उत्तम आले आहे. मला एक वेगळी गोष्ट विचारायची आहे. त्या ओळीत ‘कोल्हापूर’ हे नाव इंग्रजीत कोणत्या अक्षरांनी लिहिले आहे? आज आपण के, ओ, एल, एच, ए, पी, यू, आर असे लिहितो. १८५७ च्या सुमारास इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनात मात्र बहुतेक ‘कोलापोर’ किंवा ‘कोलापूर’ अशी, ‘एच’ नसलेली आणि ‘यू’ऐवजी ‘ओ’ची वळणे आढळतात. स्थलनामांच्या इंग्रजी लेखनाची ब्रिटिश अधिकारी विल्यम हंटर यांची पद्धत सरकारदरबारी रुजली ती १८७० च्या दशकात, आणि त्यांच्या इम्पीरियल गॅझेटियर या भारताच्या स्थळकोशाची पहिली आवृत्ती १८८१ ची आहे. म्हणून आजचे वळण तिथे असेल, तर तो मजकूर १८५७ चा असण्याची शक्यता फारच थोडी उरते.

आद्याक्षरांचा शोधही घ्या. ‘ईस्ट इंडिया रजिस्टर अँड आर्मी लिस्ट’मध्ये आणि त्या काळच्या इतर छापील याद्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींचे अधिकारी पाहता येतात, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याचे, दप्तर आहे. त्या वर्षी २७ व्या पलटणीत त्या आद्याक्षरांचा अधिकारीच नसेल, तर पुढे भिंग लावण्याची गरज राहत नाही. तो असला, तरी एवढ्याने मजकूर खरा ठरत नाही, कारण बनावट करणाऱ्यालाही तीच यादी वाचता येते.

मिडलंड्सवासी

आपल्या दोघांच्या सांगण्याप्रमाणे मी आज पुन्हा जाऊन पाहिले. लंडनचे चाचणीशिक्के नळीवर आणि सिलिंडरवर जागच्या जागी आहेत, धारा तीक्ष्ण आहेत आणि बाणाचा शिक्का कोठेही नाही. कोरीव ओळीत मात्र ‘एच’ आणि ‘यू’ दोन्ही आहेत, आणि १८५७ मधला सातचा आकडा एका गंजलेल्या खड्ड्यावरून अगदी स्वच्छ गेला आहे. वाईट वाटले. करवीरकर, अक्षरांच्या वळणाचा मुद्दा मला सुचलाच नसता.

उत्तर ३ : जुने लोखंड

मग रिव्हॉल्व्हर अस्सल आणि मजकूर नंतरचा, असे मी म्हणेन. त्यात लबाडीच असेल असे नाही. एखाद्या वंशजाने घरातली ऐकीव आठवण विसाव्या शतकात कोरून घेतली असेल. तुम्ही बोली लावताना मात्र साध्या लंडन नेव्हीच्या किमतीच्या वर जाऊ नका, उलट नंतरच्या कोरीवकामामुळे थोडे खालीच राहा. लिलावदारांना दोन्ही गोष्टी लेखी कळवा, म्हणजे वर्णन दुरुस्त होईल आणि पुढचा ग्राहक फसणार नाही.

कायद्याविषयी. तुमच्याकडे टोपीवर चालणारे, पुढून भरण्याचे, १ सप्टेंबर १९३९ पूर्वीचे शस्त्र केवळ संग्रहासाठी असेल, तर ते ब्रिटनमध्ये १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५८(२) आणि २०२१ च्या नियमांनुसार परवान्यावाचून ठेवता येते. ते उडवायचे ठरवलेत, तर प्रमाणपत्र लागते. भारतात स्थिती वेगळी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मधील सवलत दुरुस्ती करूनही वापरता न येणाऱ्या जुन्या शस्त्रांनाच मिळते. तुम्ही वर्णन केलेले रिव्हॉल्व्हर चालू स्थितीतले आहे, म्हणून आयात आणि बाळगणे या दोन्हींसाठी परवाना लागेल. शिवाय शंभर वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे ही वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि मग ती खाजगी व्यक्तीला पुन्हा भारताबाहेर नेता येणार नाही. परतण्याचा विचार पक्का असेल, तर आधी वकिलाशी बोला, मगच बोली लावा.

आणि एक विनंती. तुम्ही ते घेतलेत, तर तो मजकूर घासून काढू नका. पट्टीवरचा जुना पृष्ठभाग त्याबरोबर जाईल आणि तो परत आणता येत नाही. मजकूर का नाकारला याची दोन पानांची नोंद छायाचित्रांसह त्याच्यासोबत ठेवा.