मदत हवी आहे: जुन्या वाटांच्या कागदांची सूची करताना नोंद कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयात वाटा-रस्त्यांच्या तंट्यांचे बरेच कागद पडून आहेत. मामलेदार कचेरीतल्या निकालांच्या नकला, गावनकाशांच्या प्रती, पंचनामे, जबान्या आणि मोडीतले काही रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. सूची करायला स्वयंसेवक हवे होते, म्हणून मी आणि आणखी काही जण पुढे झालो. काम फार आवडतंय, पण पद्धत आत्ताच नीट ठरवायला हवी.

मुख्य अडचण अशी. कागदावर विषय असतो 'अडथळा दूर करणेबाबत' आणि आत अख्खी वाट सापडते. एका जबानीत साक्षीदाराने ओढा कुठे उतरायचा, चिंचेपाशी गाडी कशी वळवावी लागते, पावसाळ्यात गुरं कोणत्या बांधाने न्यायची, सगळं सांगितलंय. पाठीमागे शिसपेन्सिलीने हातनकाशाही काढलाय. सूचीत नुसता विषय आणि सर्व्हे नंबर घातला, तर ती वाट शोधणाऱ्याच्या हाती हा कागद कधीच लागणार नाही. नाणेघाटाची गोष्ट वेगळी, तिथे सातवाहनांचा लेख लेण्यातच कोरलेला आहे. गावोगावच्या पाणंदी आणि सह्याद्रीतल्या लहानसहान नाळा (घळीतून चढणाऱ्या अरुंद वाटा) यांच्यामागे बऱ्याचदा असले कागदच उरतात. माझं म्हणणं, वाटेचीच नोंद करावी. सोबतचे म्हणतात, कागदावर आहे तेवढंच लिहावं.

शिवरस्ता दोन गावांच्या हद्दीवरून जातो, तो कोणत्या गावाखाली घालायचा? शुहूर आणि फसली या जुन्या कागदांतल्या सनांचं काय करायचं, इसवी सन कसा काढायचा? आणि ज्यांचे वारस आजही तिथेच राहतात, त्यांची नावं सर्वांसाठी खुल्या यादीत द्यावीत का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतोय.

प्रतिसाद

ताई, दोन्ही हवं. विषय कागदावरचा जसाच्या तसा ठेवा आणि 'आशय' म्हणून वेगळा रकाना करा. त्यात वाट कुठून कुठे जाते, वाटेवरच्या खुणा, वापर कशासाठी, एवढं लिहा. मात्र 'सार्वजनिक रस्ता' असं आपल्या मनाने कुठेही लिहू नका. साक्षीदार तसं म्हणतो, की निकालात तसं ठरलंय, की नकाशात नुसती तुटक रेषा आहे, हे स्पष्ट करा. उद्या कोणी वाटेच्या हक्कासाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे गेलं, तर त्याला मूळ कागदापर्यंत पोचवणं एवढंच सूचीचं काम. निवाडा तहसीलदार करतील.

शिवरस्त्याची नोंद दोन्ही गावांखाली करा, कागद मात्र एकाच जागी राहू द्या. रुमाल सोडला की आतला क्रम मोडू नका. क्रमांक मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात घाला, आणि फाटलेल्या कडांना कृपा करून चिकटपट्टी लावू नका.

प्रतिसाद

सनांपुरतं सांगतो. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, आपल्याकडच्या फसलीत ५९० किंवा ५९१. दोन्ही वर्षं मृगाला सुरू होतात, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत लहान आकडा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत मोठा. महिना लागत नसेल तर जोडवर्ष लिहा. उदा. शुहूर ११६० म्हणजे इ. स. १७५९-६०. मूळ सन मात्र शेजारी राहू द्या, म्हणजे पुढच्या माणसाला पडताळता येईल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. 'आशय'चा रकाना आजच वाढवते, आणि हातनकाशे असलेल्या कागदांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रं घ्यायला सांगते. नावांचा प्रश्न राहिलाच. तूर्तास ती फक्त वाचनालयातल्या वहीत ठेवते, खुल्या यादीत गाव आणि वाट एवढंच जाईल. पण नावावरूनच शोधत येणाऱ्या वारसाची सोय कशी करायची? कोणी हे निभावलं असेल तर सविस्तर लिहा.