आयफ्रेममधील थर्ड-पार्टी कुकी ब्राउझरने अडवली आहे, हे कसे ओळखावे?

प्रश्न (वाशी)
नमस्कार. येथील एका क्लासच्या संकेतस्थळाचे काम मी पाहतो. सराव परीक्षा दुसऱ्या डोमेनवर (वेगळ्या वेब पत्त्यावर) चालतात आणि आमच्या पानावर आयफ्रेममध्ये (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानाच्या चौकटीत) दिसतात. क्रोमवर सारे सुरळीत आहे. आयफोनवर मात्र विद्यार्थी पासवर्ड टाकतो, पान क्षणभर कोरे होते आणि पुन्हा लॉगिनचाच फॉर्म समोर येतो, काही चुकल्याचा संदेशही दिसत नाही. आमच्या पानावर 'नेव्हिगेटर.कुकीएनेबल्ड' (ब्राउझरमध्ये कुकी चालू आहेत का, हे सांगणारा गुणधर्म) तपासले, तर उत्तर 'ट्रू' येते. थर्ड-पार्टी कुकी (उघडलेल्या पानाहून वेगळ्या डोमेनने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, जिच्यावर लॉगिन टिकते) अडवली गेल्याचे आधीच कळले, तर मुलांना परीक्षेपूर्वी सूचना देता येईल. खात्रीचा मार्ग आहे का?

उत्तर १ (ठाणे, घोडबंदर रोड)
ते उत्तर आपल्याच डोमेनपुरते असते. दुसऱ्या डोमेनच्या फ्रेममध्ये काय चालले आहे, हे सेम-ओरिजिन नियमामुळे बाहेरच्या पानाला दिसत नाही. म्हणून तपासणी आतूनच व्हायला हवी. परीक्षेच्या डोमेनवर एक छोटे पान ठेवून ते लपवलेल्या आयफ्रेममध्ये उघडावे, त्यात 'डॉक्युमेंट.हॅजस्टोरेजअ‍ॅक्सेस' विचारावे (फ्रेमला आपल्या कुकी मिळतात का, हे ते सांगते) आणि आलेले उत्तर 'पोस्टमेसेज'ने (एका पानाकडून दुसऱ्याकडे निरोप पाठवण्याच्या सोयीने) बाहेर पाठवावे. संदेश कोणत्या ओरिजिनकडून (कोणत्या पत्त्यावरील पानाकडून) आला, हे पडताळायला मात्र विसरू नये. क्रोमवर लॉगिन टिकते, त्याअर्थी कुकीवर 'सेमसाइट=नन' आणि 'सिक्युअर' (दुसऱ्या साइटच्या फ्रेममध्येही कुकी पाठवू देणाऱ्या खुणा) लावलेले असणार; तिकडे वेळ घालवू नये.

उत्तर २ (ऐरोली)
वरील मार्ग योग्य आहे. पुष्कळ जण फ्रेममध्ये एखादी कुकी लिहून ती परत वाचता येते का, एवढेच पाहतात. ती चाचणी फसवी आहे. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळासाठी कुकींची बरणीच (साठवणच) वेगळी केली, त्यामुळे फ्रेममध्ये लिहिलेली कुकी वाचता येते, पण विद्यार्थ्याने दुसऱ्या टॅबमध्ये केलेले लॉगिन फ्रेमला सापडत नाही. सफारी तर मार्च २०२० पासून थर्ड-पार्टी कुकी सरसकट अडवते. ब्राउझरच्या नावावरूनही निर्णय घेऊ नये, कारण क्रोमच्या इन्कॉग्निटो खिडकीतही त्या मुळातच बंद असतात.

उत्तर 'नाही' आले, तर फ्रेममध्ये 'परीक्षा सुरू करा' असे बटण दाखवावे आणि त्यावर बोट टेकताच 'रिक्वेस्टस्टोरेजअ‍ॅक्सेस' मागावे (म्हणजे फ्रेमला कुकी वापरू देण्याची परवानगी). आपोआप मागितलेली परवानगी मिळत नाही. सफारीत विद्यार्थ्याने परीक्षेचे डोमेन आधी स्वतंत्रपणे उघडून वापरलेले असावे लागते. म्हणून नवीन टॅबमध्ये परीक्षा उघडणारी लिंक शेजारी ठळकपणे द्यावीच.

प्रश्नकर्ता (वाशी)
आभारी आहे. परीक्षेचा सर्व्हर आमच्या हाती नाही. तेथे पान ठेवू दिले नाही, तर?

उत्तर १ (ठाणे, घोडबंदर रोड)
मग बाहेरून खात्रीने ओळखता येणार नाही. परीक्षा आपल्या डोमेनच्या सबडोमेनवर चालवता येईल का, हे त्यांना विचारावे. तसे झाल्यास कुकी थर्ड-पार्टी राहणारच नाही. तोवर सर्वांना नवीन टॅबची लिंक द्यावी.