2024 चे अल्बम: सलग ऐकलेले कोणते?

मध्यलय:

यंदाच्या आवडत्या अल्बमबद्दल बोलूया का? सुटी गाणी नकोत, अख्खे अल्बम हवेत. पॉप, मेटल, जॅझ, लोकसंगीत, काहीही चालेल. अट एकच: पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने ऐकलेला असावा, आणि मधलं एखादं गाणं जागचं हलवलं तर सगळंच विस्कटेल असं वाटायला हवं. मी वर्षभर याच कसोटीवर ऐकते आहे, त्यामुळे काही गाजलेली नावं माझ्याकडे सापडणार नाहीत.

सगळ्यात वर ब्रिटिश जॅझ वादक शबाका हचिंग्जचा 'पर्सीव्ह इट्स ब्यूटी, अ‍ॅकनॉलेज इट्स ग्रेस'. ज्यांनी त्याचा आधीचा बँड 'सन्स ऑफ केमेट' ऐकलाय त्यांना माहीत आहे, हा माणूस सॅक्सोफोनवर कसा तुटून पडायचा. 2023 संपता संपता त्याने तो सॅक्सोफोन बाजूला ठेवला. एप्रिलमध्ये आलेला हा अल्बम मुख्यतः बासऱ्यांचा आहे, त्यातही शाकुहाची या जपानी बांबूच्या बासरीचा. ध्वनिमुद्रण न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत झालं, जिथे 1964 साली जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' मुद्रित झाला होता. सगळे वादक एका खोलीत, कुणाच्या कानाला हेडफोन नाहीत, मध्ये आडोसे नाहीत. हे वाचलं नसतं तरी ऐकताना कळलं असतं. आधी नुसती फुंकर येते, मग तिच्यातून स्वर वर येतो, आणि तो ठरेपर्यंत हार्प (मोठं उभं तंतुवाद्य) वाट बघते. कुणीही कुणाच्या अंगावर वाजवत नाही. मध्ये बरेच पाहुणे गाऊन-बोलून जातात आणि अगदी शेवटी, 'साँग ऑफ द मदरलँड'मध्ये, शबाकाचे वडील कविता म्हणतात. एवढे परके आवाज ऐकून झाल्यावर तो घरचा आवाज येतो. तो सुरुवातीला ठेवला असता तर नुसती प्रस्तावना झाली असती.

दुसरा एकदम दुसऱ्या टोकाचा. ब्लड इन्कँटेशन, 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर'. अमेरिकेतल्या डेन्व्हरचा डेथ मेटल, म्हणजे गुरगुरत्या आवाजातल्या जड मेटलचा, बँड. अख्ख्या अल्बममध्ये रचना दोनच, प्रत्येक वीस मिनिटांच्या वर, आणि प्रत्येकीचे तीन तुकडे. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत केलेला आहे. पहिल्या रचनेच्या मधल्या तुकड्यात टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा थॉर्स्टन क्वेशनिंग सिंथवर (सिंथेसायझरवर) आहे. ड्रमची झोड चालू असताना एकाएकी सगळं विरतं आणि फक्त सिंथ उरतो. मेटल न ऐकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तिथपर्यंत तरी पोहोचा. घशातून काढलेल्या त्या आवाजाची भीती वाटत असेल तर शब्दांकडे लक्षच देऊ नका, तो आवाज वाद्य म्हणून ऐका.

बेथ गिबन्सचा 'लाइव्ह्ज आउटग्रोन'ही घ्याच. पोर्टिसहेड या ब्रिटिश बँडची ही गायिका. या गाण्यांवर तिने जवळजवळ दहा वर्षं काम केलं. वय, शरीराचे बदल, जवळच्यांची मरणं हे तिचे विषय. टॉक टॉक बँडचा ड्रमर ली हॅरिस तालाला आहे, आणि नेहमीच्या ड्रमचा आवाज नको म्हणून त्यांनी पडद्यांनी भरलेलं खोकं किक ड्रमसारखं (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमसारखं) वापरलं. ठोका बसतो, पण त्याला धार नाही. तिच्या आवाजाखाली मला हाच ठोका हवा होता.

आता तुम्ही सांगा.

गिटारवेडा:

ब्लड इन्कँटेशनला माझाही दुजोरा. पण मेटलमध्ये माझा पहिला नंबर ओपेथ या स्वीडिश बँडच्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'ला. एका श्रीमंत घरातल्या कर्त्या पुरुषाचं मृत्युपत्र वाचलं जातंय अशी कथा. पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, कलमांसारखे नुसते क्रमांक. त्यांच्या मिकाएल ओकरफेल्ट या गायकाने 2008 च्या 'वॉटरशेड'नंतर पहिल्यांदाच अल्बमवर तो गुरगुरणारा आवाज काढलाय, आणि जेथ्रो टल बँडचा इयन अँडरसन बासरी आणि निवेदन करतो. तुमच्या अटीत हा शंभर टक्के बसतो, कलमं उलटसुलट वाचून चालत नाहीत.

शिवाय द क्युअर या ब्रिटिश बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. सोळा वर्षांनी आलेला अल्बम, फक्त आठ गाणी. पहिल्या 'अलोन'मध्ये गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज यायला तीन मिनिटं उलटून जातात, आणि शेवटच्या 'एंडसाँग'मध्ये त्याच्या दुपटीच्या आसपास. दोन्हीकडे मोकळी जागा आणि मध्ये स्मिथच्या भावाच्या मृत्यूवरचं गाणं. मी ते इतर गाण्यांपासून तोडून ऐकूच शकत नाही.

पावा:

अरूज आफताबचं नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही? या पाकिस्तानी-अमेरिकन गायिकेचा 'नाइट रेन'. त्यातली दोन गाणी महलका बाई चंदांच्या काव्यावर आहेत, म्हणजे अठराव्या शतकात जन्मलेल्या हैदराबादच्या उर्दू कवयित्रीच्या. त्यातल्या 'साकी'मध्ये विजय अय्यरचा पियानो आहे. दोन ओळींमध्ये ती एवढा वेळ सोडते की आपण पुढचा शब्द मनात म्हणायला लागतो, आणि ती भलताच स्वर लावते. मध्यलयताई, शबाका आवडला असेल तर गायिका गनव्याचा 'डॉटर ऑफ अ टेम्पल'ही ऐका. अ‍ॅलिस कोल्ट्रेनची (जॉनची पत्नी, तीही जॅझ वादक) भक्ती त्यात भरून आहे, आणि शबाका तिथेही आहेच.

ठेका:

यादी झकास आहे, पण 'काउबॉय कार्टर' गाळलात हे मला पटलं नाही. बियॉन्सेने तो अल्बम रेडिओ स्टेशनसारखा बांधलाय. कंट्री या अमेरिकन संगीतप्रकारातला गायक विली नेल्सन निवेदक म्हणून मध्ये मध्ये येतो, डॉली पार्टन येते, आणि 'स्पॅगेटी'च्या तोंडाशी लिंडा मार्टेल संगीतप्रकारांच्या चौकटींबद्दल बोलते. हीच लिंडा मार्टेल 1969 मध्ये ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या नामांकित मंचावर गायलेली, तिथे एकट्याने गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिच्या तोंडून ते ऐकल्याशिवाय पुढचं गाणं अर्धंच कळतं. आणि शेवटचं 'आमेन' थेट पहिल्या गाण्याकडे वळतं. क्रमाचा यापेक्षा आणखी कोणता पुरावा हवा?

चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट'सुद्धा घ्या. सगळे त्याच्या पोपटी मुखपृष्ठाबद्दल बोलतात. पण त्यातल्या 'सो आय'मध्ये ती सोफीला, 2021 मध्ये गेलेल्या संगीत निर्मातीला, हाक मारते. नाचायच्या गाण्यांच्या ऐन मध्यात ते येतं म्हणून इतकं लागतं.

मध्यलय:

@पावा, 'नाइट रेन' ऐकलाय आणि मनापासून आवडलाय. गनव्याचा या आठवड्यात ऐकते.

@ठेका, 'आमेन'चा मुद्दा पूर्ण मान्य, रचना आहेच. पण 27 तुकड्यांमध्ये दुसऱ्या अर्ध्यात दोन-तीन गाणी अशी आहेत की ती काढली तर मला काही हरवल्यासारखं वाटत नाही. शबाकाच्या बाबतीत मी असं एकाही तुकड्याबद्दल म्हणू शकत नाही. 'सो आय'बद्दल मात्र तुम्ही नेमकं लिहिलंत. ते गाणं वेगळं काढून कुणाला पाठवलं तर समोरच्याला कळणारच नाही की त्यात एवढं काय आहे.

काळी चार:

सिनेसंगीत चालेल ना? रहमानचा 'अमरसिंग चमकीला', त्याच नावाच्या पंजाबी गायकावरच्या चित्रपटाचा. इर्शाद कामिलचे शब्द. सुरुवातीच्या 'बाजा'मध्ये चमकीलाची सगळी बदनामी आणि लोकप्रियता गर्दीच्या तोंडून येते, आणि 'विदा करो'पर्यंत पोहोचतो तेव्हा अरिजित आणि जोनिता जवळजवळ कुजबुजत असतात. गोंगाटापासून निरोपापर्यंतचा प्रवास आहे. चित्रपट न पाहता नुसता अल्बम ऐकला तरी गोष्ट कळते.

मध्यलय:

चालेल काय, हवाच होता! 'विदा करो'त वाद्यं किती मागे ठेवली आहेत ते हेडफोनवर ऐका. रहमानकडे अख्खा वाद्यवृंद हाताशी असतो आणि तो हात आखडता घेतो.

अजून एक सुचवते, सिंडी लीचा 'डायमंड ज्युबिली'. 32 गाणी, दोन तासांहून जास्त. मार्चमध्ये आला तेव्हा नेहमीच्या स्ट्रीमिंग अ‍ॅपवर ठेवलाच नव्हता. यूट्यूबवर एकच सलग व्हिडिओ, आणि जुन्या वळणाच्या एका संकेतस्थळावरून उतरवून घ्यायची सोय. गाणी पुढे ढकलायला बटणच नव्हतं. साठच्या दशकातला रेडिओ दूरवरून लागावा तसा आवाज, आणि गिटार इतकी सुरेल की वेळ कळत नाही. @गिटारवेडा, तुम्ही पहिल्या तासाभरातले गिटारचे तुकडे ऐकून मला सांगाच, ते ट्यूनिंग नेहमीचंच आहे की आणखी काही.

गिटारवेडा:

उतरवून घेतोय. रविवारी रात्री ऐकून इथेच लिहितो.