एसटीच्या मॉडेलमागं पिटो ट्यूब उणे रीडिंग दाखवते, काय करू?

कागलकर_मेक
नमस्कार. मी कोल्हापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, कागलहून बाईकनं येतो. हायवेवर एसटीला ओव्हरटेक करताना तिच्या मागच्या कोपऱ्याशी गाडी आत ओढल्यासारखी होते. तेच मोजावं म्हणून प्रोजेक्टला हा विषय घेतला.
विंड टनेलचा टेस्ट सेक्शन ३०० बाय ३०० मिमी. बसचं १:५० मॉडेल लाकडात करून घेतलंय: रुंदी ५०, उंची ६४, लांबी २२० मिमी. हवा २० मीटर प्रति सेकंद. मोकळ्या टनेलात पिटो-स्टॅटिक ट्यूब (दाबातल्या फरकावरून हवेचा वेग मोजायची नळी) व्यवस्थित चालते. बसच्या मागं ५० मिमीवर नेली की मॅनोमीटरचं पाणी वरखाली होतं, मधेच उणे बाजूला जातं. वेग काढायला त्या दाबफरकाचं वर्गमूळ घ्यावं लागतं, मग वर्गमुळात उणे आकडा कसा घालायचा? मित्र म्हणतात शून्य लिही. मला पटत नाही.

उद्यमनगर_काका
शून्य अजिबात लिहू नकोस, बाळा. मी वर्षानुवर्षं लॅब सांभाळली आहे. हे रीडिंग खूप काही सांगतंय.
बसची पाठ सपाट. हवा छपरावरून आली की त्या धारेला वळू शकत नाही, सुटून पुढं जाते. मागं जी पोकळी उरते तिच्यात हवा गोल फिरते आणि मधल्या भागात उलटी, म्हणजे बसकडं धावते. ट्यूबचं तोंड समोर, हवा येते मागून. पिटो समोरच्या हवेचंच खरं सांगते. दहा-पंधरा अंशांपेक्षा जास्त तिरकी हवा आली की तिचा भरवसा धरू नये. ही पोकळी साधारण बसच्या उंचीएवढी किंवा दीडपट लांब असते. तुझे ५० मिमी तिच्या आतच पडतात.
आधी शिवणाचे दोरे घे. बारीक तारेवर बोटभर अंतरानं बांध आणि तार मागं सरकवत जा. दोरे बसकडं वळतात तो भाग आलेखावर आखून घे. तिथं पिटो घालू नको. आकडे घ्यायचे ते ३२० मिमीच्या पुढं, म्हणजे बसच्या पाच उंचींवर. टोटल (ट्यूबच्या तोंडावरचा दाब) आणि स्टॅटिक (हवेचा मूळचा दाब) वेगवेगळे नोंदव, कारण वेकमध्ये, म्हणजे बसमागच्या मंदावलेल्या हवेच्या पट्ट्यात, स्टॅटिकही बदललेलं असतं. वेकच्या कडेला वेग झपाट्यानं बदलतो, तिथं २-२ मिमीनं सरक. मध्ये ५ मिमी चालतील.
अजून एक, पोरं नेहमी विसरतात. पुस्तकातली १.२२५ किलो प्रति घनमीटर ही हवेची घनता समुद्रसपाटीची, १५ अंशांची. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे. ३० अंशांना इथं घनता १.०९च्या आसपास येते. १.२२५ धरलीस तर वेग सहा टक्के कमी निघेल. लॅबमधला बॅरोमीटर बघून रोज काढ.
आणि बसचं मॉडेल लावायच्या आधी नुसता १० मिमीचा गोल रॉड लाव. उद्यमनगरात कुठल्याही दुकानात मिळेल. त्याच्या मागं २०-३० सेंमीवर आडवा ट्रॅव्हर्स घे (ट्यूब थोडीथोडी सरकवत आकडे नोंदव), संवेगातली तूट बेरीज करून ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, काढ. ड्रॅगचा गुणांक १.१ ते १.२ आला तर पद्धत बरोबर. रॉडचं उत्तर माहीत आहे, बसचं नाही. म्हणून आधी रॉड.

हॉटवायर_ताई
काकांशी सहमत. कुणी हॉट-वायर (तापवलेल्या तारेनं वेग मोजायचं साधन) सुचवेल म्हणून आधीच सांगते: पाच मायक्रॉनची टंगस्टन तार अतिशय चपळ असते, पण तिला फक्त गारवा कळतो, दिशा नाही. उलटी हवासुद्धा ती सरळ दिशेचा वेग म्हणूनच दाखवेल. पोकळीच्या बाहेर, वेकच्या कडेला मात्र नक्की वापर. त्या १० मिमी रॉडमागं २० मीटर वेगाला भोवरे सेकंदाला ४००च्या आसपास सुटतात (स्ट्रोहाल संख्या, म्हणजे भोवऱ्यांची वारंवारता गुणिले रॉडचा व्यास भागिले वेग, इथं ०.२). पाण्याच्या मॅनोमीटरला ते दिसणारच नाहीत, तो सरासरीच दाखवतो.

कागलकर_मेक
खूप आभार. अजून एक शंका. रस्त्यावर बस पळते आणि हवा थांबलेली असते, टनेलमध्ये उलट. फरक पडत नाही?

उद्यमनगर_काका
बस आणि हवा यांच्यापुरता नाही. फरक रस्त्याचा. खरा रस्ता हवेबरोबर स्थिर असतो. टनेलची फरशी मात्र बसबरोबर थांबलेली, म्हणून तिच्यावर मंद हवेचा थर साचतो. बसखालची फट ३०० मिमी धरली तर मॉडेलला ६ मिमी. फरशीवरचा थर तेवढा जाड असला की बसखालून हवा जातच नाही आणि मागची पोकळी बदलते. मॉडेल फरशीवर ठेवू नको. पुढची कड धारदार केलेल्या पातळ फळीवर, फरशीपासून उचलून बसव. कडेपासून ५० मिमीवर थर जेमतेम १ मिमी असतो. बसचं नाक तिथंच ठेव.