चिलापी माशाच्या परामध्ये कोपर शोधलं, सापडलं नाही

जुळे_सोलापूरकर: पोरगी दहावीला आहे. माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख, सगळ्यांची हाडं एकाच नमुन्याची म्हणे, आणि मूळ माशाच्या परात. रविवारी उजनीची चिलापी आणली होती, ओट्यावरच पर फाडून बघितला. नुसत्या काड्या! दंड नाही, कोपर नाही. वर मागच्या पायांच्या जागी असायचे ते पर छातीखाली, पुढच्यांना लागूनच. पाय गळ्यात कसे काय ओ? बायको म्हणते, आधी मासा तव्यावर टाका.

शिकवणीवाल्या_बाई: मासाच चुकीचा घेतलात! चिलापी, रोहू, कटला हे काड्यांच्या परांचे मासे. हाडाचे तुकडे असतात, पण बारीक आणि पार बुडाशी. आपला हात आला मांसल परांच्या माशांकडून. त्यांच्यात बुडाला एक हाड, पुढे दोन: तुमचा दंड आणि कोपराखालची जोडी. कॅनडातल्या एल्समिअर बेटावर 2004 मध्ये सापडलेला टिक्टालिक या माशाचा जीवाश्म बघा, वय सुमारे 37.5 कोटी वर्षं. परात मनगटासारखे सांधे, शिवाय मान! चिलापीला मान नाही, खांद्याची हाडं कवटीलाच जोडलेली. आणि माशाची कंबर कण्याला जोडलेली नसते, म्हणून मागचे पर पुढे सरकू शकले. रोहूचे पोटाच्या मध्यावर दिसतील.

हिप्परगा_गळ: मग बोटं कुठून आली?

शिकवणीवाल्या_बाई: इथे खरी गंमत आहे. काचेच्या टाकीत पाळतात तो पट्ट्यांचा झेब्रा मासा. शिकागोत जीवशास्त्रज्ञ नील शुबिन यांच्या प्रयोगशाळेने त्याची हॉक्स-13 जनुकं (शरीराचा कुठला भाग कुठे घडवायचा ते ठरवणाऱ्यांपैकी) बिघडवली, 2016 मध्ये छापून आलं. काड्या खुरटल्या, बुडाची हाडं वाढली. उंदरात हीच जनुकं काढली तर पंजाच तयार होत नाही. म्हणजे काड्या बनवणारा आणि बोटं बनवणारा कारागीर एकच. आणि बोटं पाचच, हेही नंतरचं. अकँथोस्टेगा या फार जुन्या चार पायांच्या प्राण्याच्या पुढच्या पायाला आठ होती.

हिप्परगा_गळ: आठ बोटं? अंगठ्या घालून घालून दिवाळं निघालं असतं की!

जुळे_सोलापूरकर: आज रोहू आणला. मागचे पर खरंच पोटाच्या मध्यावर, पोरीने वहीत चित्र काढलं. मुंडकं कापलं तर पुढचे पर त्याच्याबरोबरच आले. मी ते उलटसुलट करत बसलो, तर मासेवाला म्हणाला, "साहेब, मुंडकं रश्शाला नेताय की इथंच बघून ठेवताय?"