मदत हवी आहे: अण्णांनी वरचा सा लावला की रेकॉर्डिंग फाटतंय

मंडळी, नाशिकहून लिहितोय, सिडकोत राहतो. आमचे अण्णा दरवर्षी त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जातात, यंदा ते निघायच्या आत त्यांचे सात-आठ अभंग घरीच रेकॉर्ड करून ठेवायचे असं डोक्यात घेतलंय. सामान साधंच, एक कंडेन्सर माइक, दोन चॅनलचा इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा), लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, खिडकीला आईची गोधडी.

अडचण अशी की अण्णा धृपद अगदी स्वतःशी पुटपुटल्यासारखं गातात आणि चरण संपता संपता तार सप्तकातल्या सा वर अशी काही हाक मारतात की इंटरफेसचा लाल दिवा लागलाच म्हणून समजा. आयुष्यभर कर्ण्यावर भजनं म्हटलेला माणूस, माइक ओठाला लागल्याशिवाय गाणंच सुचत नाही. गेन (इंटरफेस माइकचा आवाज किती वाढवून घेतो ते) कमी केला तर हळू ओळी बारीक येतात. रीपरमध्ये कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) ४:१ लावला, मग ८:१, पण फाटलेलं फाटलेलंच राहतं, नुसतं हळू आवाजात फाटतं. दुकानात विचारलं तर महागडा माइक दाखवला. घेऊ का?

प्रतिसाद १
माइक राहू द्या. आवाज इंटरफेसमध्येच ० डीबीला, म्हणजे मीटरच्या वरच्या टोकाला, छाटला जातोय, तुमचा कॉम्प्रेसर त्याच्यानंतर येतो, तो काय करणार बिचारा. गेन हळू ओळीवर नाही, त्या हाकेवर लावा. अण्णांना फक्त हाकच चार वेळा मारायला सांगा आणि सगळ्यात मोठी उणे १० डीबीच्या आसपास जाईल असं बघा, कारण खरं गाताना माणूस टेस्टपेक्षा जोरातच गातो. २४ बिटवर (बारीक आवाजही नीट टिपणारी सेटिंग) रेकॉर्ड करत असाल तर बारीक आलेल्या ओळी नंतर बिनधास्त वाढवता येतात, फक्त पंखा बंद ठेवा, नाहीतर तोही वाढेल. आधी ओळ-ओळ वेगळी कापून हाताने लेव्हल सारखी करा, कॉम्प्रेसर त्यानंतर, ३:१ पुरे.

प्रतिसाद २
अंतर वाढवा. एक वीत होतं तिथे दोन वीत केलं की साधारण ६ डीबी उतरतात, खोलीत थोडे कमी. आणि हेडफोनमध्ये तबला किती मोठा ठेवलाय? स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की गाणारा ओरडतो. हे कोणी बघतच नाही.

धागाकर्ता
आज सकाळी करून पाहिलं. तबला निम्म्यावर आणला, अण्णांचा एक कान मोकळा ठेवला आणि ते तेवढ्यानेच शांत झाले राव! अंतराचं मात्र सांगून उपयोग नाही, दुसऱ्या ओळीला परत पुढे सरकतात, शेवटी पॉप फिल्टरच (फुंकर अडवणारी जाळी) माइकपासून वीतभर पुढे आणून लावला, आता नाक त्याला टेकतं आणि तिथेच थांबतात. सगळ्यात मोठी हाक उणे ७, लाल दिवा एकदाही नाही.

आता नवीन भानगड, ओळी वाढवून कॉम्प्रेसर लावला की मधले श्वास फार मोठे ऐकू येतात. ते एकेक करून हातानेच कमी करायचे का? पूर्ण काढले तर अण्णा गातायत असं वाटतच नाही.