मदत हवी आहे: जुन्या पिकअपचा दम कमी खर्चात कसा वाढवायचा?

मंडळी, पिकअप १६ वर्षं जुनी, टर्बो डिझेल. रिकामी असली की मजेत पळते. मागे टनभर माल पडला आणि चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये दम सोडते, दुसरा टाकावाच लागतो. मागून काळा धूर.

गॅरेजवाले म्हणतात, पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवू. मला ते पटत नाही. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा आधीच कमी पडतेय. त्यात आणखी डिझेल ओतलं तर धूर आणि उष्णताच वाढणार. हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं की मग कल्याणच!

एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदलून झाले, फरक एकोणीस-वीसचा. काल इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा, पाइप चाचपला तर क्लॅम्पखाली बोटाला तेलाचा चिकट थर लागला. बूस्ट, म्हणजे टर्बोने तयार केलेला हवेचा दाब, तिथूनच गळत असेल का? साबणाचं पाणी लावावं म्हटलं, पण इंजिन जागेवर नुसतं सुरू ठेवून बूस्ट तयार होत नाही, मग बुडबुडे दिसणार कसे? बाहेरून हवा भरून कोणी तपासलंय का? दाब किती ठेवलात?

आणि एक हौस मला नडलीय. टायर मूळ मापापेक्षा साधारण ७ टक्के उंच बसवलेत. दिसतात झकास, पण गिअरिंगही तेवढंच लांबलं ना, म्हणजे चढावर चाकाला जोर कमी! मूळ मापावर आलो तर चढावर जाणवेल का?

पैसे सध्या एकाच कामाला पुरतील. इंजेक्टर, टर्बो की टायर, आधी कशाला हात घालू?